इंजिनाचे हेड : घासावे की ठेवावे?

साखरप्याहून आंबा घाट चढताना मालमोटारीच्या रेडिएटरची रबरी नळी फाटते. पाणी वाहून जाते, काटा लाल पट्ट्यात जातो आणि ते चालकाच्या ध्यानात येईपर्यंत इंजिन चार-पाच मिनिटे तसेच चालते. गाडी ओढत मलकापूरला आणली जाते. तेथे मेस्त्री इंजिनाचे हेड उतरवतो. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळालेले असते. मेस्त्री सांगतो, ‘हेड फेस करून आणा.’ म्हणजे हेडची खालची बाजू यंत्रावर घासून सपाट करून आणा. त्यासाठी हेड बहुधा कोल्हापूरला पाठवावे लागते. गाडी दोन दिवस उभी राहणार असते, भाडे बुडणार असते. मालक विचारतो, ‘घासायलाच पाहिजे का? नुसते नवे गॅस्केट टाकून चालणार नाही?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सवयीने देण्यासारखे नाही. गरज असताना घासले नाही तर नवे गॅस्केट पुढच्या घाटात पुन्हा जळते. गरज नसताना घासले तर हेडची जाडी कमी होते, आणि धातूची गेलेली जाडी परत येत नाही. आमच्या मते हा निर्णय मोजमापाचा आहे. ते मोजमाप शाळेतल्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाच्या आवाक्यातले आहे, म्हणूनच ते येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम घाटात इंजिन तापते का, ते पाहू. भरलेली मालमोटार १६ टन वजनाची धरली आणि ती १०० मीटर उंची चढली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य सुमारे १६० लाख जूल होते. डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारण ३५ टक्के कार्यात रूपांतरित करते असे मानले, तर सुमारे ४५० लाख जूल इतके इंधन जळले. त्यातील पाव हिस्सा थंड ठेवणाऱ्या पाण्यात जातो असे धरू. म्हणजे सुमारे ११० लाख जूल झाले. एवढ्या उष्णतेने ४० लिटर पाणी ३० अंशांपासून जवळजवळ उकळण्याच्या बेतात येते. हे फक्त १०० मीटर चढाचे गणित आहे. गिअरपेटी व टायर यांतील घर्षण तर आम्ही धरलेलेच नाही. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाने येणारा वारा रेडिएटरला मदत करतो, पण घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असते आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. अशा वेळी पाणीच नाहीसे झाले तर उष्णतेला बाहेर पडायला मार्ग उरत नाही.

आता हेडकडे वळू. सिलिंडरचे तोंड बंद करणारे ते जाड झाकण आहे. त्यात हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बसतात, इंधन फवारणारे नोझल बसते आणि पाणी फिरण्याच्या वाटा असतात. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असते. त्यालाच गॅरेजमध्ये ‘हेड पॅकिंग’ही म्हणतात. या पातळ चकतीला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात : सिलिंडरमधले जळते वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल.

काम किती कठीण आहे, हे एका छोट्या इंजिनावरून कळते. किर्लोस्करांचे टीव्ही-१ हे एका सिलिंडरचे इंजिन अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मि.मी., दट्ट्याची धाव ११० मि.मी. आणि वेग मिनिटाला १५०० फेरे आहे. व्यासावरून क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस सें.मी. येते. पूर्ण भारावर आतला दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट होतो असे धरले, तर हेडला वर उचलू पाहणारे बल जवळजवळ सव्वाचार टन भरते. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांनी एक स्फोट होतो, म्हणजे हा धक्का सेकंदाला साडेबारा वेळा बसतो. हेडचे बोल्ट इतके घट्ट आवळलेले असावे लागतात की, प्रत्येक धक्क्याच्या वेळीही गॅस्केट सगळीकडून दाबलेलेच राहील. हेडचा एखादा भाग किंचित वर उचललेला असेल तर तेथे गॅस्केटवरचा दाब कमी पडतो, वायूला फट सापडते आणि त्या फटीतून सुटणारी ज्वाला कापणाऱ्या सुरीसारखे काम करते.

मग हेड वाकते कसे? ‘तापून प्रसरण पावते म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. सगळे हेड सारखे तापले तर ते सगळीकडे सारखे वाढेल, पण वाकणार नाही. वाकण्यासाठी एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापावी लागते. हेडचा तळ ज्वालेसमोर असतो आणि माथा उघड्या हवेत. ५०० मि.मी. लांब व १०० मि.मी. उंच असे बिडाचे हेड घेऊ. त्याचा तळ माथ्यापेक्षा ५० अंशांनी जास्त गरम आहे असे मानू. मध्यभागी येणारा बाक काढायचा तर प्रसरणांक, तापमानातला फरक आणि लांबीचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला उंचीच्या आठपटीने भागायचे. बिडाचा प्रसरणांक दर अंशाला दहा लाखांत ११ आहे. उत्तर ०.१७ मि.मी. येते. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक २३, म्हणजे दुपटीहून थोडा अधिक, म्हणून त्याचा बाक ०.३६ मि.मी. येतो.

पण हेड मोकळे नसते, बोल्टांनी ब्लॉकला जखडलेले असते. त्याला वाकता येत नाही. तापलेल्या तळाला लांब व्हायचे असते, पण भोवतालचा थंड भाग आणि बोल्ट त्याला होऊ देत नाहीत. धातू आतल्या आत दाबला जातो. हा ताण मर्यादेपलीकडे गेला की तळाचा धातू कायमचा दबतो. ॲल्युमिनियम गरम असताना बरेच मऊ होते, म्हणून त्याच्या बाबतीत हे लवकर घडते. पुढे इंजिन थंड होते. सगळे हेड आकुंचन पावते, पण दबलेला तळ आता मूळच्यापेक्षा आखूड झालेला असतो. उन्हात घातलेला पापड आठवा. त्याची वरची बाजू आधी सुकून आखडते आणि पापडाच्या कडा वर वळतात. जी बाजू आखूड होते तिकडे खळगा पडतो. हेडची खालची बाजू आखूड झाली, म्हणून हेड खालून पोकळ होते. टोके ब्लॉकवर टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांच्या सांध्यावर गॅस्केट जळालेले दिसले, तर संशय प्रथम येथे जावा.

याच कारणाने हेड गरम असताना खोलू नये. अजून असमान तापलेल्या हेडचे बोल्ट सोडले की त्याला वाकायला मोकळीक मिळते. शिवाय गरम हेडवर घेतलेले माप खरे नसते.

माप घेण्याचे साधन सोपे आहे : एक खात्रीची सरळ पोलादी पट्टी आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पानांचा पंखा. हेडचा तळ आधी स्वच्छ करावा. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे राहिले तर माप फसते, आणि ते धारदार पत्र्याने खरवडले तर ॲल्युमिनियमवर चरे पडतात. मग पट्टी तळावर उभ्या कडेवर ठेवायची आणि तिच्याखाली कोणत्या जाडीचे पान शिरते ते पाहायचे. पट्टी लांबीच्या दोन्ही कडांना, दोन्ही कर्णांवर, आडवी दोन्ही टोकांना आणि प्रत्येक दोन सिलिंडरांच्या मधे ठेवावी. कर्ण विसरू नयेत. पिळलेले हेड लांबीच्या रेषांवर सरळ दिसते आणि कर्णांवर उघडे पडते.

किती फट चालते? खरे उत्तर त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते आणि तेच प्रमाण मानावे. पुस्तिका नसेल तर अंदाजासाठी एवढे सांगता येईल की, चार सिलिंडरांच्या हेडसाठी पूर्ण लांबीवर ०.१ मि.मी.च्या आसपास आणि कोणत्याही १५० मि.मी. लांबीत ०.०५ मि.मी. अशा मर्यादा अनेक ठिकाणी आढळतात. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. सगळ्या लांबीवर हळूहळू पसरलेला बाक बोल्ट आवळल्यावर काही प्रमाणात बसतो, पण दोन सिलिंडरांच्या मधे पडलेला छोटा खोल खड्डा बसत नाही.

०.१ मि.मी. म्हणजे किती, हे विद्यार्थ्यांना हाताला कळले पाहिजे. वहीची १०० पाने दाबून धरून त्यांची एकत्र जाडी मोजावी आणि १००ने भागावी. बहुतेक वह्यांचे पान ०.१ मि.मी.हून थोडे कमी भरते. त्याच रीतीने पतंगाच्या कागदाची जाडी काढावी. आता वर्गातल्या टेबलावर लांब पट्टी उभी धरून तिच्याखाली वहीच्या पानाची व पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद फीत सरकवून पाहावी. टेबल ‘सपाट’ असण्याविषयीचा आपला विश्वास बराच डळमळेल.

चौकस विद्यार्थी येथे विचारील : पट्टीच सरळ नसेल तर? हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे असे आम्हाला वाटते. पट्टी तपासण्यासाठी दुसरी सरळ पट्टी लागत नाही. कागदावर दोन ठिपके घ्यावेत, पट्टीच्या कडेने त्यांना जोडणारी बारीक रेघ काढावी. मग तीच कड ठिपक्यांवर ठेवून पट्टी पालथी करावी आणि पुन्हा रेघ काढावी. कड सरळ असेल तर दोन्ही रेघा एकच होतील. वाकडी असेल तर त्यांच्यामध्ये फट दिसेल, आणि ती फट खऱ्या दोषाच्या दुप्पट असेल. प्लास्टिकच्या ३० सें.मी.च्या पट्ट्या या कसोटीला बऱ्याचदा नापास होतात.

सपाट पृष्ठभागाचीही अशीच गोष्ट आहे. दोन फरश्या एकमेकींवर घासल्या तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतील, पण सपाट होतीलच असे नाही. एक वाटीसारखी आणि दुसरी घुमटासारखी होऊनही त्या जुळतात. तिसरी फरशी घेतली आणि तिन्ही आळीपाळीने प्रत्येकीशी जुळवल्या, तर मात्र वाटी-घुमटाची पळवाट बंद होते. तिन्ही जुळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिन्ही सपाट असणे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली या पद्धतीविषयी निबंध वाचला. यंत्रशाळेतले सरफेस प्लेट नावाचे सपाट ठोकळे या विचाराचीच फलश्रुती होत. अशा ठोकळ्यावर निळा रंग पातळ फासून त्यावर हेड ठेवले, तर उंच भागांना रंग लागतो आणि खोलगट भाग कोरे राहतात. पट्टीने जे आकड्यात कळते ते रंगाने नकाशासारखे दिसते.

समजा, हेड मर्यादेपलीकडे वाकलेले निघाले. आता घासण्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप पुढे येतो : ‘घासल्याने कॉम्प्रेशन वाढते.’ म्हणजे हवा आधीपेक्षा जास्त दाबली जाते, आतला दाब वाढतो आणि इंजिनावर ताण येतो. हा आक्षेप पेट्रोल इंजिनाच्या अनुभवातून आला आहे. तेथे ज्वलनाची पोकळी बहुधा हेडमध्येच असते, त्यामुळे तळ घासला की पोकळी उथळ होते. मोटारींच्या व मालमोटारींच्या बहुतेक डिझेल इंजिनांत मात्र इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि पोकळी दट्ट्याच्या माथ्यात कोरलेली असते. हेडचा तळ सपाट असतो. सपाट झाकणाची जाडी कमी केली म्हणून भांड्याची धारणशक्ती कमी होत नाही.

आकड्यांनी पाहू. टीव्ही-१ मध्ये दट्ट्या ६६१ घ.सें.मी. जागा व्यापतो आणि संपीडन गुणोत्तर १७.५ आहे. त्यावरून दट्ट्या सर्वांत वर असताना उरणारी जागा सुमारे ४० घ.सें.मी. येते. पोकळी हेडमध्ये असती आणि ०.३ मि.मी. घासले असते, तर ६० चौरस सें.मी.ला ०.०३ सें.मी.ने गुणून १.८ घ.सें.मी. जागा गेली असती आणि गुणोत्तर १८.३ झाले असते. सपाट हेडमध्ये फक्त व्हॉल्व्हच्या तबकड्या तळापासून जेवढ्या आत बसलेल्या असतात, तेवढ्या खोबणीतली जागा कमी होते. दोन्ही व्हॉल्व्ह ३५ मि.मी. व्यासाचे धरले तर ती जेमतेम ०.६ घ.सें.मी. आहे. गुणोत्तर १७.५ वरून १७.७ वर जाते. त्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याच्याकडे कमी लक्ष जाते. डिझेल इंजिनात दट्ट्याचा माथा वर येतो तेव्हा हेडच्या तळापासून त्याचे अंतर साधारण एक मिलिमीटरच असते. व्हॉल्व्ह तळाच्या आत बसलेले असतात ते याचसाठी. तळ ०.३ मि.मी. घासला की व्हॉल्व्ह तेवढेच दट्ट्याजवळ येतात. म्हणून घासल्यानंतर व्हॉल्व्हच्या बैठका तितक्याच खोल कापाव्या लागतात. नोझलचे टोकही तेवढेच जास्त बाहेर डोकावू लागते. त्याच्या बारीक छिद्रांतून निघणारे फवारे दट्ट्याच्या पोकळीत नेमक्या उंचीवर आदळावेत अशी रचना असते. ती उंची बदलली की इंधन नीट जळत नाही आणि गाडी काळा धूर सोडते. नोझलखाली योग्य जाडीची तांब्याची चकती घालून हा दोष दूर करता येतो, पण ते कोणीतरी लक्षात ठेवून करावे लागते. धूर पाहून पंपवाल्याकडे धाव घेणारे मालक आम्ही पाहिले आहेत. पंपाचा त्यात काही दोष नसतो.

घासण्याने जे बरे होत नाही, त्याची यादी याहून मोठी आहे. तडा गेलेला असेल तर घासणे व्यर्थ. दोन व्हॉल्व्हच्या मधली चिंचोळी पट्टी सर्वांत जास्त तापते आणि तडा बहुधा तेथे पडतो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून आत दाबाने हवा भरायची आणि हेड पाण्यात बुडवायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तीच ही रीत. मात्र पाणी गरम असावे, कारण काही तडे धातू तापल्यावरच उघडतात. ही तपासणी घासण्याच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

कॅमशाफ्ट हेडमध्येच बसवलेला असेल तर आणखी एक पेच येतो. हेड वाकले तेव्हा तळाबरोबर कॅमशाफ्टची वरची भोकेही एका रेषेतून ढळली. तळ घासून सपाट केला तरी ती भोके वाकडीच राहतात. अशा हेडमध्ये कॅमशाफ्ट घालून तो बोटांनी सहज फिरतो का, हे पाहावे. अडकत असेल तर आधी हेड सरळ करून घ्यावे लागते किंवा टाकून द्यावे लागते. ॲल्युमिनियमचे हेड फार तापले असेल तर त्याची कठीणताही उतरते. मऊ पडलेला धातू बोल्टांच्या दाबाखाली पुन्हा दबतो, म्हणून यंत्रशाळेत कठीणता मोजून घेणे इष्ट.

आणि कित्येकदा हेड पूर्ण निर्दोष असते, दोष ब्लॉकमध्ये असतो. मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडर म्हणजे ब्लॉकमध्ये वेगळा बसवलेला नळा असतो. त्याला लायनर म्हणतात. त्याची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा काही शतांश मिलिमीटर वर असावी लागते, कारण गॅस्केटला सर्वांत जास्त दाबून धरणारी कड तीच. लायनर ज्या पायरीवर बसतो ती गंजली किंवा झिजली की लायनर खाली बसतो. मग हेड आरशासारखे सपाट केले तरी गॅस्केट पुन्हा त्याच सिलिंडरवर जळते आणि हेड पुन्हा घासायला जाते. असे दोन-तीनदा झाले की हेड भंगारात जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. एकच सिलिंडर वारंवार त्रास देत असेल तर डायल गेजने त्या लायनरची उंची पाहिल्याशिवाय हेडला हात लावू नये. जळालेले गॅस्केटही लगेच फेकू नये. त्यावर लायनरच्या कडेचा ठसा कोठे खोल आणि कोठे फिका उमटला आहे, हे बघितले की दाब कोठे कमी पडत होता ते कळते.

आता मलकापूरच्या त्या मालमोटारीचा निर्णय घेऊ. समजा, तिचे हेड बिडाचे आहे, लायनरची उंची ठीक आहे आणि दाबाच्या तपासणीत बुडबुडे नाहीत. कडांवर फट ०.०५ मि.मी.पेक्षा कमी आणि मधल्या सिलिंडरांवरही तेवढीच असेल, तर हेड घासू नये. तळ स्वच्छ करावा, नवे गॅस्केट टाकावे, नळी बदलावी आणि गाडी त्याच दिवशी सोडावी. मधल्या सिलिंडरांवर ०.१५ मि.मी.चे पान शिरत असेल तर हेड कोल्हापूरला पाठवायलाच हवे, दोन दिवसांचे भाडे बुडाले तरी. फट या दोहोंच्या मधली असेल तर पुस्तिकेतला आकडा, फटीची जागा आणि हेडची उरलेली जाडी यांवर ठरवावे. या मधल्या पट्ट्यात दोन जाणते मेस्त्री वेगळी मते देतील, आणि दोघेही चूक असतील असे नाही.

पाठवायचे ठरले तर पाठवण्याआधी हेडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजून लिहून ठेवावी. पुस्तिकेत किमान जाडी दिलेली असते. घासून ती त्याखाली जाणार असेल तर घासण्याचा प्रश्नच उरत नाही, दुसरे हेड शोधावे लागते. यंत्रशाळेला ‘चांगले घासा’ असे न सांगता ‘सपाट होईल एवढेच काढा’ असे सांगावे. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासण्याची युक्ती टाळावी. हाताचा दाब कडांवर जास्त पडतो आणि तेथे धातू जास्त निघतो, म्हणजे एक बाक काढून दुसरा आणला जातो. पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे गॅस्केटवर अवलंबून आहे. तंतुमय जुन्या धाटणीच्या गॅस्केटला थोडा खरखरीतपणा मानवतो. पोलादी पत्र्यांच्या थरांचे नवे गॅस्केट मात्र फार गुळगुळीत पृष्ठभाग मागते. काही इंजिनांसाठी गॅस्केट दोन-तीन जाडीत मिळते आणि त्याच्या कडेवरच्या खाचा किंवा भोके मोजून जाडी ओळखता येते.

हेड परत आले की जाडी पुन्हा चार कोपऱ्यांवर मोजावी. चारही ठिकाणी सारखीच घट आली पाहिजे. नाहीतर हेड यंत्रावर तिरके बसवले गेले होते. काढलेली एकूण जाडी हेडच्या बाजूला, सांध्यापासून दूर, पंचाने ठोकून ठेवावी, म्हणजे चार वर्षांनी दुसऱ्या कोणा मेस्त्रीच्या हाती हेच हेड आले तर त्याला किती धातू शिल्लक आहे ते कळेल.